बारा तासांचं भूत

१

डबी बोललीच नाही.

कानसेनने बटण दाबलं. डबी हातात बारीक थरथरली, म्हणजे सुरू झाली होती, पण आवाज नाही. तिचा अंगठा सवयीने कडेच्या चाकावर गेला आणि तिथेच थबकला. आवाजाचं चाक शून्यावर होतं. वहिनीच्या डबीचं चाक कायम सहावर असे. वहिनी म्हणायची, पाच म्हणजे कुजबुज आणि सात म्हणजे भांडण. कानसेनने चाक सहावर आणून पुन्हा बटण दाबलं.

"कार्ड रिकामं आहे," वहिनी म्हणाली. "बत्तीस तास जागा शिल्लक आहे."

वहिनीला जाऊन सोळा दिवस झाले होते.

यात चमत्कार काही नव्हता. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी पुस्तकं आवाजात भरून ठेवणारं हे ग्रंथालय होतं. तळहातावर मावणारं, पुस्तक भरायचं आणि ऐकायचंही जे यंत्र, त्याला इथे सगळे डबी म्हणत. त्या प्रत्येक डबीतल्या सूचना बारा वर्षांपूर्वी वहिनीच्याच आवाजात भरल्या होत्या. त्यामुळे वहिनी गेली तरी शेकडो घरांतून ती रोज बोलत होती. बॅटरी संपत आली. पुस्तक संपलं. मागे जायचं असल्यास डावं बटण. पहिल्या आठवड्यात कार्यालयातल्या दोघीतिघींनी आपापल्या डब्या बंदच करून ठेवल्या होत्या. कानसेनने मात्र स्वतःची मुद्दाम चालू ठेवली होती.

कानसेन हे तिचं खरं नाव नव्हे. वाचकांनी भरलेली प्रकरणं ऐकून चुका काढायच्या, हे तिचं काम. जन्मापासून डोळ्यांचा आधार नाही, पण कान असे की वाचकाने ओठ ओले केले तरी हिला कळायचं. नापसंत प्रकरणावर तिचा शेरा ठरलेला: खोटं वाटतं, पुन्हा वाचा. त्यामुळे वाचक तिला टरकून असत आणि मागे कानसेन म्हणत. तेही तिला ऐकू येई, आणि मनातून आवडेही.

आज ती मन घट्ट करून वहिनीचं शेवटचं, अर्धवट राहिलेलं पुस्तक तपासायला बसली होती. आणि कार्ड पुसलेलं होतं.

त्या कार्डाला वर्षभर भूत लागलं होतं, असं सगळे हसून म्हणत. जाण्याच्या आदल्या दिवशीच वहिनी कुरकुरली होती: कार्ड बत्तीस तासांचं, दहा तास मी वाचलं, दहा तास उरलेत म्हणते, मग मधले बारा तास गेले कुठे? कोण खातं माझी जागा? आता भुताने गिळलेले बारा तास परत आले होते, पण भूत जाताना बाकीचं सगळं घेऊन गेलं होतं.

कार्ड डबीतच पुसायचं असेल तर दोन बटणं एकदम दाबून धरावी लागतात. मग डबी विचारते, "सगळं जाईल. नक्की पुसायचं?" पुन्हा दाबलं की ती परत विचारते, "नक्की?" म्हणजे कुणीतरी वहिनीलाच दोनदा नक्की म्हणून सांगितलं होतं. आणि ते ऐकावं लागू नये म्हणून तिचा आवाज आधी बंद केला होता.

२

ग्रंथपालबाईंनी ऐकलं आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. डबी वाचनखोलीतल्या खणात कुलपात होती, असं त्या चारचारदा सांगत राहिल्या. किल्ली कुठे असते, असं कानसेनने विचारल्यावर मात्र आवाज उतरला. किल्ली त्यांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला असते, हे झाडूवालीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. त्या कुलपाचा उपयोग फक्त बाईंच्या समाधानापुरता होता.

गेल्या चार दिवसांत वाचनखोलीत एकटं कोण गेलं होतं? बाईंनी आठवून आठवून तीन नावं सांगितली. वकीलसाहेब, त्यांना वहिनीची अर्धी कादंबरी पुढे वाचायची होती म्हणून आवाजाची चाचणी द्यायला. मिस्त्री, म्हणजे डब्यांची दुरुस्ती करणारा, तो दारावरच्या लाल दिव्याचा खटका नीट करायला. आणि दादा, म्हणजे कानसेनचा मोठा भाऊ, वहिनीची शाल आणि चष्मा घेऊन जायला. दादा दहाव्या दिवशीही येऊन गेला होता. तिचं शेवटचं वाचन एकदा ऐकू द्या म्हणाला. दोन तास कानाला लावून आत बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, काही नाही, नुसती खोली.

"आणि चौथ्या तुम्ही," ग्रंथपालबाई चाचरत म्हणाल्या. "राग मानू नका. पण त्या मंगळवारी दिवा लागलेला असताना तुम्ही दाराशी बोललात, हे मी पाहिलं होतं. ते कार्डावर आलं असणार. तुमच्यासारखीने नियम मोडलेला, तो पुसावासा वाटला तर नवल नाही."

इथला तो एकच नियम होता, आणि तो देवाच्या नियमासारखा पाळत. वाचनखोलीवरचा लाल दिवा लागलेला असला की दार उघडायचं नाही, वाजवायचं नाही, बाहेर शिंकायचंही नाही. एकदा वरची टाकी फुटून छतातून पाणी गळायला लागलं, तेव्हा दिवा विझेपर्यंत सगळे बादल्या धरून मुकाट उभे राहिले होते. कानसेनला दिवा दिसत नसे, पण त्याची बारीक घूंघूं ऐकू येई. तीस पावलांवरून ती सांगू शके, आत कुणी वाचतंय की नाही.

आणि हो, तिने तो नियम मोडला होता. कादंबरीत एका म्हातारीचं प्रकरण होतं. पंधरा दिवस वहिनी स्वयंपाकघरात त्या म्हातारीचं बोलणं घोकत होती आणि कानसेन रोज तोच शेरा देत होती: खोटं वाटतं, वहिनी, पुन्हा वाच. त्या मंगळवारी दाराबाहेर तपासणीला बसली असताना आतून ती म्हातारी ऐकू आली आणि कानसेनच्या अंगावर काटा आला. इतकं खरं. न राहवून तिने दाराच्या फटीला तोंड लावलं आणि म्हणाली, जमलं, वहिनी. आता खरं वाटतं. उत्तर आलं नाही, येणारही नव्हतं, दिवा लागलेला होता. दुपारी डब्याची वेळ उलटून गेली तरी दिवा विझेना, तेव्हा कुठे ग्रंथपालबाईंनी धीर करून दार लोटलं. वहिनी खुर्चीजवळ खाली होती. हृदय, डॉक्टर म्हणाले.

सोळा दिवस कानसेन एकाच गोष्टीच्या आधारावर जेवत होती, झोपत होती. तिचं वहिनीशी शेवटचं बोलणं कौतुकाचं होतं. ते पुसण्याऐवजी तिने हात तोडून दिले असते.

तिने हे सगळं बाईंना सांगितलं नाही. एवढंच विचारलं की शुक्रवारी कार्यालयाच्या संगणकावर उतरवून ठेवलेली प्रकरणं तरी जागेवर आहेत ना. दर शुक्रवारी तसं करायची पद्धत होती, आणि वहिनी गेली त्याच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत आठ प्रकरणं झाली होती. बाईंनी संगणक पाहिला. बराच वेळ माऊसची टकटक होत राहिली.

"अहो," बाई म्हणाल्या, "इथे नऊ आहेत."

३

नववं प्रकरण वहिनीने सोमवारी वाचलं होतं. ते संगणकावर कुणीतरी नंतर उतरवलं होतं. बाई शपथेवर सांगत होत्या की त्यांनी नाही.

कानसेन आपल्या टेबलाशी येऊन बसली. तिला चोराची रीत कळायला लागली होती आणि ती तिला मुळीच आवडत नव्हती. याला वहिनीचा आवाज नको होता असं नाही. उलट जेवढा वाचवता येईल तेवढा त्याने आधी वाचवला, मोजून खात्री केली, आणि मगच पुसलं. त्याला नको होता तो फक्त मंगळवार. वहिनीची शेवटची सकाळ.

मग नुसता मंगळवारच का नाही पुसला? एक बटण दाबलं की एक वाचन जातं. अख्खं कार्ड कशाला धुऊन काढायचं?

वकीलसाहेब अकराला आले. कोर्ट सुटलं तरी कोर्टाची भाषा सुटली नव्हती. पहिली प्रकरणं एका आवाजात आणि पुढची दुसऱ्या आवाजात हे श्रोत्यावर अन्यायकारक आहे, सबब संपूर्ण कादंबरी नव्याने आपणच वाचावी, असा त्यांनी अर्ज दिलेला होता. म्हणजे वहिनीचं वाचन नाहीसं होण्यात फायदा कुणाचा, तर उघड उघड यांचा. कानसेनने वहिनीची डबी त्यांच्या हातात दिली आणि जरा चालू करून द्या म्हणाली. वकीलसाहेबांनी ती उलटीपालटी केली, चुकीची तीन बटणं दाबली, आणि ती बोलायला लागल्यावर पहिलं काम काय केलं, तर चाक पार दहापर्यंत नेलं. वहिनी इतक्या मोठ्याने ओरडली की बाहेरच्या खोलीतली टकटक थांबली.

"हल्ली ही यंत्रं पुटपुटतात," वकीलसाहेब म्हणाले.

त्यांना एका कानाने जेमतेम ऐकू येत होतं. ते चाक शून्यावर नेतील, हे होण्यासारखं नव्हतं. शिवाय कार्ड पुसायचं तर दोन बटणं एकदम दाबावी लागतात, आणि यांना एक सापडत नव्हतं. कानसेनने त्यांची माफी मागितली. ती कशाबद्दल हे त्यांना कळलं नाही, पण त्यांनी ती मोठ्या मनाने मंजूर केली.

जाता जाता ते म्हणाले, परवा ते चाचणीसाठी आले, तेव्हा दादा आणि मिस्त्री जिन्यात बोलत उभे होते. यांना पाहिल्यावर दोघंही गप्प झाले.

४

मिस्त्रीचं टेबल मागच्या खोलीत होतं. तिथे कायम तारा जोडायला वितळवलेल्या कथलाचा वास आणि पंख्याची करकर असे. माणूस बोलका. आज मात्र कानसेन दारात उभी राहिली आणि त्याच्या हातातला पेचकस खाली ठेवल्याचा आवाज आला.

तिने सरळ भुताबद्दल विचारलं. बारा तास कोण खात होतं?

या प्रश्नावर त्याला हायसं वाटलं असावं, कारण तो भडाभडा बोलायला लागला. त्याने म्हणे भूत महिन्यापूर्वीच पकडलं होतं. वाचक चुकला की थांबतो, पुसायचं बटण दाबतो आणि तेच वाक्य पुन्हा वाचतो. इथली ती पद्धतच आहे. पण डबी पुसलेलं टाकून देत नाही. ते एका आतल्या कप्प्यात सरकवून ठेवते, आणि तो कप्पा कुठल्याही यादीत दिसत नाही. वर्षभराच्या चुका, खोकले, अडखळणं, सगळं तिथे साठलेलं. ते बारा तास म्हणजे वहिनीने पुसलेली वहिनी. ती जागा परत हवी तर एकच उपाय, अख्खं कार्ड फॉरमॅट करायचं.

"म्हणजे नुसता मंगळवार पुसला असता, तर तोही त्या कप्प्यातच राहिला असता," कानसेन म्हणाली.

पंखा करकरत राहिला.

तिने पुढचं विचारलं. तू कार्ड कशावर फॉरमॅट करतोस? संगणकावर, तो म्हणाला, नेहमीच. संगणकावर केलेलं कार्ड डबीत घातलं की डबी पहिल्यांदा काय म्हणते? नवीन कार्ड, असं म्हणते. कानसेनने वहिनीची डबी टेबलावर ठेवून बटण दाबलं. कार्ड रिकामं आहे, वहिनी म्हणाली, बत्तीस तास जागा शिल्लक आहे. सकाळी पहिल्यांदा उघडली तेव्हाही ती हेच म्हणाली होती, असं कानसेनने सांगितलं. म्हणजे पुसलं ते डबीवरच, हातात धरून, आणि पुसणारा मिस्त्री नव्हता.

"मी नाहीच पुसलं," मिस्त्री म्हणाला. खरं बोलणाऱ्या माणसाचा आवाज होता तो, पण तो आवाज तिथेच थांबला नाही, पुढे अडखळला.

"नाही पुसलंस. कसं पुसायचं ते सांगितलंस. आणि त्याआधी नववं प्रकरण उतरवून दिलंस."

त्याने पंखा बंद केला. मग खुर्ची मागे सारून उठला आणि तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"ताई, मी शब्द दिलाय," तो म्हणाला. "एवढंच सांगतो. ते कुणी स्वतःसाठी केलेलं नाही. तुमच्यासाठी केलंय. आता सोडून द्या."

५

तुमच्यासाठी.

कोण, हे तिला जिन्यातल्या बोलण्याचं ऐकलं तेव्हाच कळलं होतं. खरं तर त्याच्याही आधी, नववं प्रकरण आधी वाचवून मग पुसलेलं ऐकलं तेव्हाच. दादा शिंपी होता. दोनदा मोजावं, एकदा कापावं, हे त्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं की भिंतींनाही पाठ असेल. पण का, ते कळत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं, उत्तर आपल्याजवळच कुठेतरी आहे असं तिला वाटत होतं, आणि का कोण जाणे, तिकडे हात न्यायची भीती वाटत होती.

ती वाचनखोलीत गेली. दिवा बंद होता, घूंघूं नव्हती. कापूस भरलेल्या भिंतींमुळे या खोलीत स्वतःचा श्वास दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा ऐकू येई. टेबलावर कादंबरी तशीच होती, वहिनीच्या खुणेसकट. खूण म्हणजे कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. कागदाची खूण सरकते, चिमटा सरकत नाही, असं वहिनीचं म्हणणं. वाचताना पान उलटलं की ती चिमटा पुढच्या पानावर लावत जाई, म्हणजे शेवटी कुठे थांबलो ते शोधायला नको.

कानसेनने चिमट्याला हात लावला. तो पुस्तकाच्या मध्याच्याही बराच अलीकडे होता.

तिने ग्रंथपालबाईंना बोलावलं आणि चिमटा कुठल्या पानावर आहे ते विचारलं. दहाव्या प्रकरणाचं तिसरं पान, बाई म्हणाल्या.

"आणि म्हातारीचं प्रकरण?"

पानांची सळसळ झाली. बरीच पानं उलटली गेली. चौदावं, बाई म्हणाल्या.

वहिनी एक प्रकरण सव्वा तासात वाचायची. मंगळवारी दिवा पावणेअकराला लागला होता. म्हातारी कानसेनला ऐकू आली तेव्हा बाहेरच्या घड्याळात अकराचे ठोके पडत होते. पाव तासात चार प्रकरणं कुणी वाचत नाही. आणि वहिनी सरळ वाचणारी बाई होती, घोकणं पुढचं असलं तरी भरताना तिने जन्मात कधी मधलं पान गाळून पुढचं वाचलं नव्हतं.

माळ्यावर कोंडली गेलेली कादंबरीतली म्हातारी एवढंच ओरडते. दार उघडा. आहे का कुणी बाहेर? दार उघडा.

मंगळवारी अकरा वाजता वहिनी वाचत नव्हती.

कानसेनने चिमटा मुठीत घट्ट धरला. ग्रंथपालबाई काहीतरी विचारत होत्या, पाणी आणू का, बसता का. तिला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, दाराच्या फटीला तोंड लावून आनंदाने बोललेला.

६

घरी शिवणयंत्र चालू होतं. दादा बाहेरच्या खोलीत काम करत असे. तिचं पाऊल उंबऱ्याशी वाजलं आणि चाक थांबलं.

"आज लवकर आलीस," दादा म्हणाला.

ती त्याच्यासमोर स्टुलावर बसली आणि चिमटा यंत्राच्या फळीवर ठेवला. दहाव्या प्रकरणाचं तिसरं पान, ती म्हणाली. दादाचा श्वास बदलला. त्याला कळलं होतं, आणि कळलंय हे तिलाही कळलं.

मग तो हळूहळू बोलत राहिला. दहाव्या दिवशी त्याला फक्त तिचा आवाज ऐकायचा होता. ऐकलं आणि पहिल्यांदा मनात आलं ते बायकोबद्दल नाही, बहिणीबद्दल. ही तपासायला बसेल. हिच्या हातात ही डबी जाईल आणि ही सगळं ऐकेल. कानसेन नऊ वर्षांची असताना वहिनी या घरात आली, तेव्हापासून ती हिची शाळेची पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवत आली होती. त्या आवाजावर ही पोर वाढली होती. त्याच आवाजाने हिला मारू द्यायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं. मिस्त्रीला विचारलं. पुसायला बसला तेव्हा डबी बायकोच्या आवाजात नक्की का म्हणून विचारणार, हे मिस्त्रीने आधीच सांगितलं होतं. तेवढं मात्र त्याच्याने ऐकवलं नसतं, म्हणून त्याने चाक शून्यावर नेलं.

"डॉक्टर म्हणाले, पाच-सात मिनिटांचा खेळ होता," दादा म्हणाला. "दार उघडलं असतं तरी काय झालं असतं, कुणाला ठाऊक. मी ऐकलं. घरात एकाने ऐकलं की पुरे होतं."

"मी तेव्हाच ऐकलं, दादा," कानसेन म्हणाली. "सगळ्यात आधी मीच ऐकलं. कार्ड पुसलंस. माझे कान कसे पुसणार होतास?"

मग तिला रडू कोसळलं. सोळा दिवसांत ती रडली होती ती शहाण्यासारखी, पाहुण्यांसमोर. आता ती लहानपणी रडायची तशी रडली आणि दादाने तिचं डोकं आपल्या पोटाशी धरून ठेवलं. त्याच्या सदऱ्याला खडूचा आणि तेलाचा वास होता. मी तिला शाबासकी दिली रे, ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ती दार उघडा म्हणाली आणि मी शाबासकी दिली.

दादा बराच वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. काहीतरी त्याच्या ओठांवर येऊन परत जात होतं. अखेर तो म्हणाला, "त्यानंतर ती बोलली."

कानसेनने डोकं वर केलं.

"तुझं ऐकून बोलली. एकच वाक्य. मला उद्देशून होतं, आणि त्यात तू होतीस. मला वाटलं, ते तुला सहन नाही होणार. मला नाही झालं."

"काय म्हणाली?"

"मला नाही सांगता येणार," दादा म्हणाला. "आणि आता ते कुठे राहिलंही नाही."

७

राहिलं होतं.

मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना समोर बसवून सांगितलं. फॉरमॅट म्हणजे ग्रंथालयाची यादी फाडून टाकणं. यादी नाही म्हणून डबीला वाटतं कपाटं रिकामी आहेत. पुस्तकं असतात तिथेच, जोवर कुणी त्यांच्या जागी नवी रचत नाही. पुसल्यापासून त्या कार्डावर कुणी एक अक्षर भरलेलं नव्हतं. दादाला हे का नाही सांगितलंस, असं कानसेनने विचारल्यावर मिस्त्री खाकरला. सांगितलं असतं तर त्यांनी कार्ड चुलीत घातलं असतं, म्हणाला.

दुपारपर्यंत त्याच्या संगणकावर आधी भूत आलं. बारा तासांच्या चुका. अगं बाई, चुकलं. काय मेलं वाक्य आहे, श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही. शिंक आली, थांबा. एका जागी वहिनी विनोदी परिच्छेदावर सात वेळा हसून सात वेळा थांबली होती. तयार पुस्तकांतून तिने स्वतःला इतकं काटेकोर पुसलं होतं की खरी वहिनी सगळी त्या दडलेल्या कप्प्यातच राहिली होती. दादा मध्येच उठून खिडकीशी गेला आणि तिथेच उभा राहून ऐकत राहिला.

मग मंगळवार आला. मिस्त्रीने तो वहिनीच्याच डबीतून ऐकवायची सोय केली, दुसऱ्या कार्डावर घेऊन, आणि दार ओढून बाहेर गेला. कानसेनने चाक चाचपलं आणि सहावर ठेवलं.

खुर्ची वाजली. दहावं प्रकरण सुरू झालं. एक पान, दोन पानं. वाक्य मध्येच तुटलं. काहीतरी टेबलाला धडकलं. मग श्वास, ओढून घेतलेला, आणि मग तो आवाज, जो स्वयंपाकघरात पंधरा दिवस एकदाही साधला नव्हता. दार उघडा. आहे का कुणी बाहेर? दार उघडा. जाड दारापलीकडून, पुसट, स्वतःवर खूश असलेला दुसरा आवाज आला. जमलं, वहिनी. आता खरं वाटतं.

दादाने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.

थोडा वेळ नुसता श्वास. मग डबीच्या अगदी जवळून, दमलेलं, आणि त्या दमण्यातसुद्धा ओठांच्या कोपऱ्यात हसू असलेलं, वहिनी बोलली. कानसेनला ते हसू ऐकू आलं. इतकं बारीक ऐकणारी ती एकटीच होती, दादाला ते ऐकू आलं नव्हतं.

"अहो, ऐकलंत का? वन्सं म्हणतात, जमलं."

त्यानंतर दोन तास नुसती खोली होती. दोघांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

कादंबरी पुढे वकीलसाहेबांनी वाचली, दहाव्या प्रकरणापासून. पहिली नऊ वहिनीचीच राहिली. त्यांना कानसेनकडून अकरा वेळा शेरा मिळाला आणि त्यांनी अकरा वेळा हरकत नोंदवली. वाचनखोलीत आता हाताशी एक दोरी आहे आणि बाहेर घंटा. दिवा लागलेला असो वा नसो, घंटा वाजली की दार उघडायचं. हा नियमही सगळे देवाच्या नियमासारखाच पाळतात.

जुनं कार्ड मात्र कानसेनने कुणाला वापरू दिलं नाही. ते वहिनीच्या डबीत घालून तिने घरी आणलं. रोज सकाळी चहा झाला, दादाचं यंत्र सुरू झालं, की ती खिडकीत बसते, चाक सहावर आहे ना ते अंगठ्याने पाहते आणि बटण दाबते.

"कार्ड रिकामं आहे," वहिनी म्हणते.

"खोटं वाटतं, वहिनी," कानसेन म्हणते. "पुन्हा वाच."